विहारातल्या झाडाची बाटली

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि माणसे पांगायच्या आत एका तरुणाने पिशवीतून बाटल्या काढून सतरंजीवर मांडल्या. बाटलीवर पंख्याच्या आकाराचे हिरवे पान आणि पानामागे ध्यानस्थ बुद्धाची आकृती. "हातापायाला मुंग्या येतात? चालताना पोटऱ्या भरतात? विसरायला होते? रक्ताभिसरण कमी पडते आहे. ही वनस्पती आपल्या बौद्ध विहारातली आहे, भन्ते लोक हजारो वर्षे वापरत आलेत," असे तो सांगत होता. किंमत अठराशे रुपये. 60 कॅप्सूल, महिनाभराचा डोस. त्या संध्याकाळी सात बाटल्या खपल्या.

मुलगा आपलाच, पदवीपर्यंत शिकलेला. तीन वर्षे परीक्षांचे अर्ज भरून थकला आणि मग कोणीतरी त्याला साखळी पद्धतीच्या विक्रीत ओढले. त्याच्यावर आमचा राग नाही. पण त्या सातपैकी एका बाटलीने पुढे जे घडवले, ते या सदरात सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, वय 66. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. सरकारी रुग्णालयात अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या, एक अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल. काकांनी बाटली घेतली आणि सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल सुरू केली. डॉक्टरांना काही सांगितले नाही. पाल्याचे औषध, त्यात सांगण्यासारखे काय, असे त्यांना वाटले. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. एका रात्री नाक फुटले आणि अर्धा तास थांबेना. घरात सल्लामसलत झाली. मुलगा म्हणाला, डॉक्टरच्या गोळ्या गरम पडत असतील. सुनेलाही पटले. वनस्पतीने अपाय होत नाही हे सगळ्यांनी गृहीत धरले, दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि कॅप्सूल चालू ठेवली.

वाचकहो, स्टेंट बसवल्यानंतर पहिल्या वर्षात या गोळ्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्येच रक्ताची गुठळी होऊ शकते. मग दुसरा झटका येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. काकी आमच्याकडे आल्या त्या नाकातल्या रक्तासाठी. गोळ्या बंद असल्याचे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. ते ऐकून आमच्या पोटात गोळा आला.

काकांचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी त्या पानाविषयी.

झाडाचे नाव गिंको. मुलाच्या बोलण्यातला काही भाग खरा होता, आणि अर्धे खरे बोलणे पुरत्या खोट्यापेक्षा लवकर गळी उतरते. हे झाड फार प्राचीन आहे. त्याच्या कुळातल्या झाडांची पाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडांत उमटलेली सापडतात. बाकीचे सगळे कूळ नष्ट झाले, हे एकटे राहिले. चीन आणि जपानमध्ये बौद्ध विहारांच्या आवारात त्याची जुनी झाडे जपली गेली, हेही खरे. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा केंद्रापासून एक-दीड किलोमीटरच्या आतली काही गिंको झाडे होरपळली आणि नंतर त्यांना पुन्हा पालवी फुटली. त्यांतले एक झाड बौद्ध मंदिराच्या आवारातले आहे. ऐकून ऊर भरून यावा अशी ही गोष्ट आहे. पण झाडाला पालवी फुटली म्हणून त्याच्या पानाने माणसाची नस मोकळी होते, हे कसे ठरले?

आणि भन्ते लोकांचे हजारो वर्षांचे औषध म्हणाल, तर चिनी वैद्यकात या झाडाचे बी जास्त वापरात होते, तेही खोकला आणि दम्यासाठी. बाटलीत असतो तो पानांचा अर्क. पाने वाळवून, रसायनांत भिजवून, नको ते काढून आणि हवे ते घट्ट करून तो बनवतात. ही पद्धत 1960 च्या दशकात जर्मनीतल्या औषध कारखान्याने बसवली. त्यात विहाराचा संबंध नाही आणि भिक्खूंचाही नाही. बोधिवृक्ष म्हणावा तर तो आपला पिंपळ. गिंको आपल्याकडे रानात उगवतच नाही. हिमालयाकडच्या थंड गावांत कोणी हौसेने लावलेली थोडी झाडे आहेत, तेवढीच.

बाटलीवरचा बुद्ध पाहून सात जणांनी पैसे काढले याचे आम्हाला जास्त वाईट वाटले. कालामांच्या गावी भगवंतांनी काय सांगितले, ते त्याच विहारात दर वर्षावासात वाचले जाते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. तेव्हा तपासूनच पाहू.

अमेरिकेत 2000 ते 2008 या काळात 75 आणि त्याहून अधिक वयाच्या 3,069 स्त्री-पुरुषांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना गिंकोचा अर्क दिला, 120 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळते हे ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. सरासरी सहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. स्मृतिभ्रंश झाला तो साध्या गोळीच्या गटात 246 जणांना आणि गिंकोच्या गटात 277 जणांना. म्हणजे विसराळूपण रोखण्याच्या नावाने शून्य. हृदयाचे झटके आणि पक्षाघातही कमी झाले नाहीत. पायांच्या रक्तवाहिन्यांचे त्रास मात्र गिंकोच्या गटात थोडे कमी दिसले, 23 च्या जागी 12. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्हीही त्या मुलासारखेच अर्धे बोलणारे ठरू. पण तीन हजारांत 35 प्रकरणे हा आकडा इतका लहान आहे की त्यावरून कोणी शहाणा डॉक्टर गोळी लिहून देणार नाही.

पायांसाठी वेगळ्या चाचण्याही झाल्या आहेत. चालताना पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते, पुन्हा चालले की पुन्हा दुखते, अशा रोग्यांवर झालेल्या 14 चाचण्या 2013 मध्ये एकत्र करून पाहिल्या गेल्या. एकूण 739 माणसे. साध्या गोळीशी तुलना केली तर गिंको घेणारे सरासरी सुमारे 64 मीटर जास्त चालू शकले, पण तो फरक योगायोगानेही आला असेल इतपतच होता. रोग्याच्या रोजच्या जगण्यात जाणवेल असा फायदा सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. 64 मीटर म्हणजे आमच्या चाळीच्या दारापासून नळापर्यंतचे अंतर. त्यासाठी महिना अठराशे रुपये!

आता मूळ तक्रारीकडे येऊ. "रक्त फिरत नाही" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण या एका वाक्यात चार-पाच निरनिराळी दुखणी कोंबलेली असतात. तळपायांची आग आणि मुंग्या असतील तर बहुतेक वेळा रक्त नीट फिरत असते, बिघडलेल्या असतात त्या शिरा, म्हणजे ज्ञानतंतू. त्याचे सर्वात मोठे कारण मधुमेह. बी-बारा जीवनसत्त्व कमी असले तरी मुंग्या येतात. एकाच हाताला मुंग्या असतील तर मानेच्या मणक्यात किंवा मनगटात नस दबलेली असू शकते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना फार छळले, हे आपण सारे जाणतो. म्हणून तरी आपल्या घरात चाळिशीनंतर प्रत्येकाची साखर तपासलेली असावी.

दुसरे दुखणे उभ्याने काम करणाऱ्यांचे. वॉचमन, पोळपाटाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाया, दुकानातले कामगार यांच्या पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतात. तिथे रक्त पायापर्यंत पोहोचते, पण वर परतताना शिरांतल्या झडपा ढिल्या पडलेल्या असतात. अधूनमधून बसणे, रात्री पाय उशीवर उंच ठेवणे, डॉक्टरांनी मापून दिलेले घट्ट मोजे, आणि फारच झाले तर शस्त्रक्रिया, हा त्याचा उपाय.

तिसरे दुखणे खरोखर रक्त न पोहोचण्याचे, आणि तेच सर्वात धोक्याचे. इथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागेल. आपल्या वस्त्यांत पायाची बोटे काळी पडून कापावी लागलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांतले काही पन्नाशीच्या आतले, मधुमेह नसलेले, पण बिडी ओढणारे. तंबाखूने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आतून सुजतात आणि बंद होतात. अशा माणसाने बिडी सोडली तर रोग बहुधा तिथेच थांबतो. सोडली नाही तर आज बोट, उद्या पाऊल. बिडी चालू ठेवून वर गिंकोची कॅप्सूल घेणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनी हे फक्त पुरुषांसाठी आहे असे समजू नये. मिश्रीतही तोच तंबाखू, हिरडीतून तेच निकोटीन रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या आवळते. "दात साफ होतात" हे आम्ही आमच्या आजीच्या तोंडून ऐकले आहे, आणि तिचे दात किती राहिले होते तेही पाहिले आहे.

आता अपायाचे. निरोगी माणसाने थोडे दिवस गिंको घेतले तर बहुधा पोट बिघडणे, डोके दुखणे यापलीकडे काही होत नाही. म्हणूनच ते निर्धोक असल्याची समजूत पसरली. पण या पानात रक्त गोठण्याच्या कामात लुडबूड करणारे द्रव्य असते. गिंको घेणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि मेंदूत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सगळ्याच चाचण्यांत हा धोका दिसलेला नाही, हे खरे. पण जो माणूस आधीच अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन घेतो, किंवा कंबरदुखीसाठी वरचेवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक गिळतो, त्याने या भानगडीत पडू नये असेच डॉक्टर सांगतात. दात काढायचा असेल, मोतीबिंदू किंवा कोणतीही शस्त्रक्रिया असेल, तर आपण घेतो ती प्रत्येक पुडी आणि कॅप्सूल आधी सांगावी. फिट येणाऱ्याने गिंको घेऊच नये, फिट वाढू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही नको. या झाडाचे कच्चे बी तर विषारी असते, ते खाऊन मुलांना झटके आल्याचे जपानात नोंदलेले आहे.

आणखी एक. अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने उंदीर-घुशींना दोन वर्षे मोठ्या प्रमाणात गिंकोचा अर्क दिला. 2013 मध्ये निकाल आला, उंदरांच्या यकृतात कर्करोग वाढला होता. माणसाला तसेच होईल असे त्यावरून म्हणता येत नाही. पण वर्षानुवर्षे घेत राहायला ती काही मेथीची भाजी नव्हे.

बाटलीत खरोखर काय असते हा प्रश्न वेगळाच. चांगल्या अर्कात ठरावीक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असावी लागतात. ती महाग पडतात म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या वनस्पतींतून काढलेले रुटिन नावाचे स्वस्त द्रव्य मिसळतात, म्हणजे तपासणीत आकडा जुळतो. काकींनी आणलेली बाटली आम्ही चष्मा लावून वाचली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत छापले होते की हे औषधी वापरासाठी नाही. पुढे बुद्ध, मागे ही ओळ! अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार आरोग्य पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर तसे छापावेच लागते. म्हणजे कारखान्याने कागदावर हात झटकले आहेत, आणि रोग बरा करण्याचे वचन त्या बिचाऱ्या पोराच्या तोंडून वदवून घेतले आहे. मधुमेह, पक्षाघात, रक्तदाब बरे करण्याच्या जाहिराती करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. उद्या कोणी तक्रार केली तर आधी कोण सापडेल? तो मुलगा.

विकणारे जीवकाची गोष्टही सांगतात. तक्षशिलेत गुरूने त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला पाठवले, त्याला एकही सापडली नाही. गोष्ट खरी. पण त्याआधी तो सात वर्षे शिकला होता, हे सांगायला विसरतात. कोणत्या रोग्याला काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, यासाठी ती सात वर्षे होती.

मग पोटऱ्या भरणाऱ्याने करायचे काय? आधी रक्तदाब आणि साखर तपासावी. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी होते. पायाची नाडी डॉक्टरांना बघायला सांगावी. घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलावर ती लागते की नाही, हे बोटांनी कळते. डॉक्टरांनी रक्तवाहिनीचेच दुखणे आहे असे सांगितले तर तंबाखू सोडायचा आणि चालायचे. दुखू लागेपर्यंत चालायचे, दुखणे बऱ्यापैकी वाढले की थांबायचे, ओसरले की पुन्हा चालायचे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने नेटाने. देखरेखीखाली असा व्यायाम करणारे इतरांपेक्षा सरासरी शंभर मीटरहून अधिक चालू लागल्याचे चाचण्यांत दिसले आहे. याला पैसा लागत नाही. छातीत दुखत असेल किंवा पावलावर जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी अ‍ॅस्पिरिन लिहून दिली तर जनऔषधी केंद्रात तिची पट्टी काही रुपयांत मिळते. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय आरशात पाहावा, अनवाणी फिरू नये.

पाय अचानक गार पडला, पांढरा-निळा झाला, असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तासांचा हिशेब असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या वेळी चोळत बसू नये, कॅप्सूल तर नकोच.

काकांना आम्ही त्याच दुपारी रिक्षात घालून रुग्णालयात नेले, बाटली सोबत घेऊन. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, तोही चढलेला होता. नाक फुटण्यात त्याचा किती वाटा आणि कॅप्सूलचा किती, हे सांगता येणार नाही असे त्या स्पष्ट म्हणाल्या. कॅप्सूल बंद केली, दोन्ही गोळ्या तिथेच सुरू केल्या, रक्तदाबाची गोळी वाढवून दिली. ईसीजी काढला, तो ठीक निघाला. आठवड्याने हिरड्यांचे रक्त थांबले. काका आता सकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारतात. बिडी अजून पुरती सुटलेली नाही, दिवसाला दोनवर आली आहे असे ते म्हणतात. काकी म्हणतात चार.

तो मुलगा पुढच्या पौर्णिमेला पुन्हा पिशवी घेऊन आला. विहार समितीने त्याला बाजूला बसवून चहा दिला आणि विहारात विक्री नको असे सांगितले. मग काकाच उठून त्याच्याशेजारी बसले आणि रुग्णालयाचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोनदा वाचला. "मला हे कोणी सांगितले नव्हते," एवढेच तो म्हणाला. उरलेल्या सहा घरी जाऊन कोण कोणत्या गोळ्या घेते याची चौकशी त्याने स्वतः केली. एका आजींकडे वॉरफॅरिनची पट्टी निघाली. त्यांची बाटली त्याने त्याच संध्याकाळी परत घेतली आणि अठराशे रुपये तीन हप्त्यांत फेडायचे कबूल केले. पहिला हप्ता आला आहे.